कलमाचा चाकू : धारेचा कोन व पोलादाचे पाणी

फळझाडांच्या रोपवाटिकेस लागणाऱ्या साहित्याची यादी करावयास घेतली, तर खुंटरोपे, डोळकाड्या, पिशव्या, शेणखत, बांधावयाची पट्टी, पाण्याची सोय अशी ती लांबत जाते आणि चाकूचा उल्लेख शेवटी कोठेतरी येतो. किमतीच्या मानाने ते योग्यच आहे. परंतु कलम जगणार की वाळणार याचा निर्णय पुष्कळदा चाकूच्या धारेपाशी होतो. असे असूनही चाकू निवडताना आपण मूठ पाहतो, चकाकी पाहतो, फार तर अंगठ्याने धार चाचपतो. धारेचा कोन किती आहे आणि पात्याचे पोलाद किती कठीण आहे हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

मीही एके काळी विचारीत नसे. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात संत्र्याचे डोळे भरण्याच्या कामावर देखरेखीसाठी मी एका खाजगी रोपवाटिकेत जात असे. जंभेरीचे खुंट उत्तम तयार झालेले होते. एक चांगला घडीचा चाकू माझ्या जवळ होता. काम सुरू होण्यापूर्वी तो मी आठवडे बाजारात विजेच्या चाकावर धार लावून आणला आणि मोठ्या उत्साहाने एका डोळे भरणाऱ्या कारागिरास वापरावयास दिला. पहिले दहा-बारा डोळे सुरेख निघाले. पुढे त्यास दर थोड्या वेळाने दगडावर धार लावावी लागू लागली. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडून पाहिल्या, तेव्हा त्या वाफ्यातील बहुतेक डोळे काळे पडलेले आढळले. मी डोळकाडीस दोष दिला, थंडीस दोष दिला. एका वृद्ध माळीबाबांनी मात्र चाकू मागून घेतला, पाते नखावर टेकवून दाबून पाहिले आणि म्हणाले, "सायेब, याचं पाणी उतरलं जी." धारेलगत दोन मिलिमीटर रुंदीची निळसर कड मला तेव्हा प्रथम दिसली. रोपवाटिकेच्या मालकाचे त्या खुंटांवर घातलेले वर्ष मात्र परत येणार नव्हते.

कापणे आणि चेंगरणे

साल व लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा एक अत्यंत पातळ, ओलसर व जिवंत थर असतो. त्याची जाडी अवघ्या काही पेशींची असते. खुंटाचा हा थर आणि डोळ्याचा अथवा कलमकाडीचा हा थर एकमेकांस भिडले, दोहोंकडून नव्या पेशी वाढून मधली फट भरली, म्हणजेच कलम सांधते. चाकू जर तीक्ष्ण व पातळ धारेचा असेल, तर तो या थरातून स्वच्छ निघून जातो. तो बोथट असेल किंवा त्याची धार जाड असेल, तर तो कापीत नाही, रेटतो. पेशी चेंगरतात, साल लाकडापासून सुटते, आणि कापलेला पृष्ठभाग सपाट न राहता लाटांसारखा होतो. असे दोन पृष्ठभाग कितीही घट्ट बांधले तरी मध्ये पोकळी राहते. तीत पाणी साचते किंवा हवा शिरून काप सुकतो.

याची परीक्षा कोणासही करता येते. कलमकाडीवर एका ओढीत तिरपा काप घ्यावा. त्या कापावर चाकूच्या पात्याची सपाट बाजू किंवा एखादी सरळ पट्टी टेकवून ती उजेडाकडे धरावी. मधून उजेड दिसला तर काप सपाट नाही. असे होण्यास हात नवखा असणे हे एक कारण असते. परंतु सरावलेल्या हाताचाही काप असा येत असेल, तर दोष चाकूत शोधावा.

कोन म्हणजे काय

प्रत्येक पाते ही एक पाचर आहे. पात्याच्या दोन बाजू धारेपाशी ज्या कोनात मिळतात तो धारेचा कोन. न्हाव्याच्या वस्तऱ्याचा हा कोन सुमारे १६ ते १८ अंशांचा असतो. वस्तऱ्यास धार लावताना त्याची पाठही दगडावर टेकलेली असते, म्हणून तो कोन पिढ्यान्‌पिढ्या आपोआप राखला जातो. खिशात बाळगावयाच्या साध्या घडीच्या चाकूची धार दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंश अशी, म्हणजे एकूण ३० ते ४० अंशांची असते. लाकूड फोडावयाच्या कुऱ्हाडीचा कोन आणखी मोठा ठेवतात, कारण तिला घाव सोसावयाचा असतो.

कोन लहान तेवढी पाचर सुलभपणे आत शिरते व बाजूस कमी रेटा देते. मग सर्वच चाकूंना वस्तऱ्याची धार का लावू नये? कारण कोन लहान करताना धारेमागचे पोलादही कमी होत जाते. आधार कमी झालेली धार कठीण गाठीवर आली की एक तर दुमडते, नाही तर तिचा कपचा उडतो. यांपैकी काय घडेल हे पोलादाच्या काठिण्यावर अवलंबून असते. मऊ पोलादाची धार दुमडते, कठीण पोलादाची तुटते. म्हणून कोन आणि काठिण्य हे दोन वेगळे गुण असले तरी निवड करताना ते एकत्रच पाहावे लागतात.

कलमाच्या चाकूच्या रचनेत एक विशेष असतो. त्याच्या पात्याची एक बाजू अगदी सपाट असते आणि उतार केवळ दुसऱ्या बाजूस दिलेला असतो. कापताना सपाट बाजू जे लाकूड ठेवावयाचे त्याकडे राहते व उतार टाकून द्यावयाच्या कपचीकडे येतो. सपाट बाजूस टेकण्यास पूर्ण आधार मिळत असल्याने चाकू आपोआप सरळ रेषेत चालतो. दोन्ही बाजूंनी उतार असलेला साधा चाकू मात्र हात जरा हलताच आत घुसतो किंवा वर निघतो. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर कलम करताना काडीच्या दोन्ही बाजूंस तीन-चार सेंटिमीटर लांबीचे सपाट काप घ्यावे लागतात. तेथे हा फरक ठळकपणे प्रत्ययास येतो.

एकाच बाजूस उतार असल्यामुळे या चाकूत उजव्या हाताचा व डाव्या हाताचा असे दोन प्रकार होतात. डावखुऱ्या कारागिराने उजव्या हाताचा चाकू वापरला, तर उतार ठेवावयाच्या लाकडाकडे येतो व काप खोलगट पडतो. अशा कारागिरास अनेकदा अकारण अडाणी ठरविले जाते. त्याच्या हाती डाव्या हाताचा चाकू देऊन पाहावे.

कोन मोजण्यास यंत्राची गरज नाही. एका बाजूस उतार असलेल्या चाकूचे पाते २ मि.मी. जाड असून त्यावरील उतार ६ मि.मी. रुंद असेल, तर कोन १८ ते २० अंशांच्या आसपास आहे असे समजावे. कलमाच्या कामास तो उत्तम होय. तेवढ्याच जाडीच्या पात्यावर उतार ४ मि.मी. रुंद असेल, तर कोन ३० अंशांच्या घरात गेला. वारंवार घाईने धार लावलेल्या चाकूंत हेच घडलेले आढळते. दोन्ही बाजूंस उतार असलेल्या साध्या चाकूस धार लावताना पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक चतुर्थांश उंच धरावी, म्हणजे प्रत्येक बाजूस साधारण साडेचौदा अंश कोन होतो. एक तृतीयांश उंच धरल्यास साडेएकोणीस अंश होतो. २० मि.मी. रुंदीच्या पात्यास पहिल्या रीतीने ५ मि.मी. उचल पुरते. तेवढ्या जाडीची लाकडाची चिपटी जवळ ठेवून अधूनमधून ताडून पाहिल्यास हातास सवय होते.

पोलादाचे पाणी

आपल्याकडे लोहार "पाण्याचा कोयता" व "बिनपाण्याचा कोयता" असा भेद करतात. हे पाणी म्हणजेच काठिण्य. साध्या लोखंडास ते देता येत नाही. पोलादात कार्बन असतो. चांगल्या चाकूच्या कार्बन पोलादात किलोमागे सात ते दहा ग्रॅम कार्बन पुरतो. असे पोलाद लालभडक तापविले असता त्याची अंतर्रचना बदलते. चुंबक त्यास चिकटेनासे होते. हा बदल सुमारे ७७० अंश सेल्सिअसला होतो. त्याहून थोडे अधिक तापवून ते एकदम तेलात अथवा पाण्यात बुडविले, की कार्बन आत अडकून पडतो आणि पोलाद अतिशय कठीण होते. मात्र ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर १८० ते २५० अंशांपर्यंत तापवून ठिसूळपणा घालवावा लागतो. या दुसऱ्या तापविण्यात थोडे काठिण्य जाते व चिवटपणा येतो.

ही दुसरी आच किती झाली हे लोहार घासून चकचकीत केलेल्या पात्याच्या रंगावरून ओळखतो. फिकट पिवळा, गव्हाच्या काडासारखा रंग सुमारे २२० अंशांस येतो. २५० च्या सुमारास तो तपकिरी होतो, पुढे जांभळा होतो आणि ३०० अंशांस निळा पडतो. कलमाच्या चाकूच्या धारेने काडाच्या रंगापुढे जाता कामा नये. निळी कमान व्हावयास योग्य, चाकू व्हावयास नव्हे.

काठिण्य मोजण्याची कारखान्यांतील प्रचलित रीत रॉकवेल या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत ह्यू रॉकवेल व स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९१४ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९१९ साली ते त्यांना मिळाले. हिऱ्याचा शंकू १५० किलो भाराने पोलादात दाबतात आणि तो किती खोल गेला यावरून आकडा काढतात. आकडा मोठा तेवढे पोलाद कठीण. मोटारीच्या कमानपाट्याचा आकडा ४५ च्या आसपास असतो, चांगल्या कानशीचा ६० च्या बराच पुढे जातो, आणि चाकूंचे पाते बहुधा ५४ ते ६१ या दरम्यान येते. कलमाच्या व डोळे भरण्याच्या चाकूस ५८ ते ६० हा आकडा इष्ट होय. त्याखालील पाते १८ अंशांचा कोन फार वेळ टिकवीत नाही.

याचा अर्थ कमी आकड्याचे पाते वाईट असा मात्र नव्हे. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्स कारखान्याचा प्रसिद्ध लाल घडीचा चाकू ५६ च्या सुमारास ठेवलेला असतो. तो अगंज पोलादाचा, म्हणजे बाजारात ज्यास स्टेनलेस म्हणतात त्याचा असतो. लवकर बोथट होतो, पण कोणत्याही दगडावर चटकन लागतो आणि तुटत नाही. डबा उघडण्यापासून दोरी कापण्यापर्यंत सर्व काही ज्यास करावयाचे, त्याला तेच सोयीचे. याउलट फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० साली जोसेफ ओपिनेल याने बनविलेला लाकडी मुठीचा चाकू शेतकऱ्यांच्या खिशात राहण्यासाठीच होता. त्याचे पाते पातळ, आणि आजही तो कार्बन पोलादात मिळतो. ते पोलाद अधिक कठीण ठेवता येते व त्यास बारीक धार येते. पण लिंबू कापून तसाच ठेवला, तर दुसऱ्या दिवशी काळा पडतो. चाकूंसाठी उपयोगी पडेल असे अगंज पोलाद इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली तयार केले. त्याचे अगंज असणे क्रोमियममुळे आहे, आणि क्रोमियम असले म्हणून पोलाद आपोआप कठीण होत नाही, हे ध्यानात ठेवावे. बाजारात "स्टेनलेस" एवढेच शब्द कोरलेले स्वस्त चाकू मिळतात. त्यांवर दुसरी काहीच माहिती नसते.

अशा वेळी कानशीची परीक्षा करावी. पात्याच्या टाचेजवळ, जेथे धार नसते तेथे, बारीक दात्यांची नवी कानस हलक्या हाताने फिरवावी. ती लोण्यात शिरावी तशी रुतत असेल, तर पाते कामाचे नाही. ती बहुतांशी घसरत असेल व फार दाबल्यावर थोडी लागत असेल, तर काठिण्य पुरेसे आहे.

गावचा लोहार कमानपाट्यापासून चाकू करून देतो. त्या पोलादात किलोमागे पाच-सहा ग्रॅमच कार्बन असतो. ते चिवट असते, फार कठीण होत नाही. छाटणीच्या वाकड्या चाकूस ते उत्तम, डोळे भरण्याच्या नाजूक कामास मध्यम. लोहारास इतकेच सांगावे की पाते पुन्हा तापवून तेलात बुडवावे. पाण्यात बुडविल्यास ते तडकण्याचा संभव असतो. काही रोपवाटिकांत लोखंड कापावयाच्या करवतीचे जुने पाते घासून चाकू करतात. पाते सर्व जाडीभर कठीण असेल, तर असा चाकू फार चांगला होतो. परंतु हल्ली अनेक करवतींत केवळ दात्यांची पट्टी कठीण असते आणि पाठ मऊ पोलादाची जोडलेली असते. त्या पाठीस कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. येथेही कानशीने आधी पाहून घ्यावे.

चाकावरील धार

माझ्या चाकूचे काय झाले होते हे आता सांगता येईल. कोरड्या चाकावर धार लावताना घर्षणाने उष्णता उत्पन्न होते. पात्याची पाठ जाड असल्याने ती फारशी तापत नाही, पण धार कागदाइतकी पातळ असल्याने क्षणार्धात ३०० अंशांवर जाते. हाताला पाते नुसते कोमट लागते, तेवढ्यात धार निळी झालेली असते. निळी झालेली धार तीक्ष्ण दिसते, पहिले काही काप चांगले घेते, आणि मग दुमडते. निळा रंग घासून काढला तरी गेलेले पाणी परत येत नाही. त्यावर उपाय एकच : तो सर्व भाग ओल्या दगडावर सावकाश झिजवून मागील चांगल्या पोलादापर्यंत जावे. मला दोन संध्याकाळी लागल्या. अगंज पोलादावर हे रंग उशिरा उमटतात, यास्तव त्यावर निळा रंग दिसला तर नुकसान अधिकच झालेले आहे असे समजावे.

याच कारणास्तव चाकू निर्जंतुक करण्यासाठी दिव्याच्या अथवा गॅसच्या ज्योतीत धरू नये. संत्रावर्गीय झाडांतील एक्झोकॉर्टिस हा रोग चाकूने एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, डाळिंबावरील तेल्याही छाटणीच्या हत्यारांनी पसरतो; तेव्हा निर्जंतुकीकरण अवश्य केले पाहिजे. परंतु एक्झोकॉर्टिसवर ज्योत व स्पिरिट दोन्ही निकामी ठरतात. सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण परिणामकारक असते. ते कार्बन पोलादास झपाट्याने गंजविते व अगंज पोलादासही खात जाते, म्हणून द्रावणातून काढलेला चाकू स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसावा. दोन चाकू आळीपाळीने वापरल्यास काम खोळंबत नाही.

दगडावर धार लावणे

पाण्याचा दगड सपाट असला पाहिजे. मध्यभागी खोलगट झालेल्या दगडावर चाकूची सपाट बाजू सपाट राहत नाही. काचेवर भरड पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड ओला करून घासल्यास तो पुन्हा समतल होतो.

उतार संपूर्णपणे दगडावर टेकवून पाते पुढे-मागे चालवावे. उतारावर आधी शाईच्या पेनने रेघा माराव्यात. शाई धारेपाशी जात असेल तर चाकू योग्य धरला आहे. ती फक्त वरच्या कडेस जात असेल तर दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही. धार लागत आली म्हणजे दुसऱ्या, सपाट बाजूस एक बारीक खरखरीत कोर उलटलेली बोटास जाणवते. ती टोकापासून टाचेपर्यंत सर्वत्र जाणवेपर्यंत थांबू नये. मग बारीक दगड घेऊन तीच क्रिया करावी, आणि शेवटी सपाट बाजू दगडावर पूर्ण निजवून दोन-तीन वेळा ओढावी, म्हणजे कोर निघून जाते. येथेच सर्वांत मोठी चूक होते. कोर लवकर काढण्याच्या घाईत पाठ किंचित उचलली जाते व सपाट बाजूसही छोटा उतार पडतो. एकदा असे झाले की तो कलमाचा चाकू उरत नाही, भाजीचा चाकू होतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, आठ-दहा वेळा ओढावे.

धार उजेडाखाली समोरून पाहावी. तीक्ष्ण धार दिसत नाही. जेथे चकाकणारी रेघ अथवा ठिपका दिसेल तेवढी जागा बोथट आहे.

एवढे करून तयार केलेल्या चाकूने सुतळी, पोती किंवा ठिबकच्या नळ्या कापू नयेत. पोत्याच्या धाग्यांत माती असते, आणि मातीतील वाळूचा कण चाकूच्या पोलादाहूनही कठीण असतो. त्या कामासाठी जाड धारेचा दुसरा स्वस्त चाकू कमरेस असू द्यावा. कोकणात पावसाळ्यात आंब्याचे कोय कलम करणारे काही जण दाढीचे पाते वापरतात. दहा-पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपास ते चालते, कारण तेथे लाकूड तयारच झालेले नसते. काजूच्या मृदकाष्ठ कलमास मात्र ते वाकते व काप वाकडा येतो.

घडीच्या चाकूची घडी हीदेखील एक काळजीची जागा आहे. सांध्यात चीक व माती साठते, पाते अडखळते, आणि मग ते झटक्याने मिटण्याची सवय लागते. पुष्कळ चाकूंत असे झटक्याने मिटलेले पाते आतील कमानीवर आपटते व धारेचा मधला भाग रोज थोडा बोथट होतो. धार लावूनही नेमकी तीच जागा वारंवार जात असेल, तर कारण हेच समजावे. सांध्यात कोमट साबणपाणी घालून चाकू उघडझाप करावा, वाळवावा व तेलाचा एक थेंब सोडावा. हंगाम संपल्यावर कार्बन पोलादाच्या पात्यास तेलाचा हात फिरवून चाकू कोरड्या फडक्यात गुंडाळावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पावसाळा संपेपर्यंत धारेवर गंजाचे खड्डे पडतात.